समॅरियम अर्ध्या वाटेवर थांबतं

लिथियम क्लोराइड एकटं घेतलं तर ते ६०५ अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं. पोटॅशियम क्लोराइडला ७७० अंश लागतात. पण वजनाने साधारण ४४ भाग पहिलं आणि ५६ भाग दुसरं असं एकत्र केलं, की साडेतीनशे अंशांच्या जरा वरच ते मिश्रण पातळ होतं. पातळ झालेलं मीठ नितळ, रंगहीन दिसतं. ४५० अंशांवरही त्याला लाली येत नाही, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते इतकं तापलंय हे पटत नाही. त्यात पाणी नाही, दुसरं कुठलं द्रावक नाही, सगळे आयनच. त्यामुळे वीज ते समुद्राच्या पाण्याच्या कितीतरी पट चांगली वाहून नेतं.

माझ्या पीएचडीची बहुतेक वर्षं या मिठाच्या सोबतीने गेली, मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत. लँथॅनम आणि समॅरियम या दोन दुर्मिळ मृदा धातूंची क्लोराइडं त्यात विरघळवायची, टंगस्टनची तार बुडवायची, तारेवरचा विद्युत दाब हळूहळू ऋण बाजूला न्यायचा आणि कुठल्या दाबाला कोणता आयन किती इलेक्ट्रॉन उचलतो ते पाहायचं. कामाचं वर्णन एवढंच. त्यातलं समॅरियम मला जास्त आवडत गेलं. का, ते पुढे सांगते.

हे सगळं पाण्यात का करत नाही, असा प्रश्न घरच्यांपासून मुलाखतीतल्या परीक्षकांपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. उत्तर सोपं आहे. हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत लँथॅनमचा धातू मिळायला उणे २.३८ व्होल्ट लागतात. तिथे पोचायच्या कितीतरी आधी पाणीच फुटतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे येऊ लागतात. म्हणून जे द्रावक इतक्या लवकर फुटणार नाही ते घ्यावं लागतं. वितळलेल्या क्लोराइडमधून हे धातू काढायची पद्धत तशी जुनी आहे. १८७५ साली हायडेलबर्गला बुन्सेनच्या प्रयोगशाळेत हिलेब्रँड आणि नॉर्टन यांनी असंच विद्युत अपघटन करून सीरियम, लँथॅनम आणि ‘डिडिमियम’ हे धातू मिळवले होते. डिडिमियम हे मुळात एक मूलद्रव्य नव्हतंच. त्यात निओडिमियम, प्रसिओडिमियम आणि थोडं समॅरियमही दडलेलं होतं. समॅरियमचा शोध त्यानंतर चार वर्षांनी, १८७९ साली लागला.

आज या अभ्यासाला दोन बाजूंनी निकड आहे. पहिली बाजू अणुइंधनाची. अमेरिकेत आयडाहोमधल्या ईबीआर-२ या अणुभट्टीचं वापरलेलं इंधन १९९६पासून याच लिथियम-पोटॅशियम क्लोराइडमध्ये, ५०० अंशांच्या आसपास, विद्युत पद्धतीने शुद्ध केलं जातं. युरेनियम कॅथोडवर जमतं, आणि विखंडनातून तयार झालेली लँथॅनम, सीरियम, निओडिमियम, समॅरियम, गॅडोलिनियम अशी सगळी मंडळी मिठात साठत राहतात. यातले काही, विशेषतः समॅरियम आणि गॅडोलिनियम, न्यूट्रॉन गिळतात, म्हणून ते परत इंधनात येता कामा नयेत. कुठला आयन किती व्होल्टला खाली बसेल हे नेमकं माहीत असल्याशिवाय ही चाळणी चालत नाही. दुसरी बाजू चुंबकांची. केरळ-ओडिशाच्या वाळूतल्या मोनाझाइटपासून चुंबकापर्यंत यायचं तर मध्ये धातू बनवायची पायरी आहेच, आणि ती बहुतेकदा वितळलेल्या मिठातून जाते.

आता मिठाकडे.

लिथियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैतल्या मुंबईत बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर काही वेळात पांढऱ्या दाण्यांच्या जागी ओलसर लगदा दिसतो. म्हणून आमच्याकडे मीठ तोललं जातं तेच आर्गॉन भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत, जिथे ओलावा आणि ऑक्सिजन दोन्ही दशलक्षात एका भागाच्या खाली ठेवायचे असतात. तरीही पुड्यातून आलेल्या मिठात ओलावा असतोच. ते थेट तापवलं तर पाणी उडून न जाता मिठाशीच क्रिया करतं: लिथियमचं हायड्रॉक्साइड उरतं आणि हायड्रोजन क्लोराइड वायू निघून जातो. एकदा हायड्रॉक्साइड किंवा ऑक्साइड मेल्टमध्ये, म्हणजे वितळलेल्या मिठात, शिरलं, की पुढे टाकलेल्या दुर्मिळ मृदा आयनांना ते पकडतं आणि ऑक्सिक्लोराइड म्हणून खाली बसवतं. ऑक्सिक्लोराइड या मेल्टमध्ये विरघळत नाही. आपण तोलून टाकलेल्यापैकी नेमकं किती आयन द्रावात आहेत हेच मग कळेनासं होतं.

म्हणून आधी निर्वातात, वितळण्याच्या बऱ्याच खाली, टप्प्याटप्प्याने वाळवणं. घाई केली की पाणी आत अडकतं. एकेका टप्प्यावर तासन् तास थांबावं लागतं. मग वितळवून त्यातून कोरडा हायड्रोजन क्लोराइड वायू सोडायचा. उरलेलं हायड्रॉक्साइड आणि ऑक्साइड त्याने परत क्लोराइड होतं. नंतर आर्गॉन सोडून विरघळलेला वायू हाकलायचा. शेवटी मेल्टमध्ये इलेक्ट्रोड घालून, लिथियम बाहेर पडणार नाही इतपत ऋण दाबावर रात्रभर ठेवायचं, म्हणजे लोखंडासारख्या धातूंची जी काही सूक्ष्म भेसळ असेल ती कॅथोडवर येऊन बसते.

एवढं झाल्यावर रिकाम्या मेल्टची सीव्ही घ्यायची, म्हणजे दाब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन परत आणायचा आणि प्रवाह नोंदवायचा. माझ्या मार्गदर्शक मॅडमचा यावर इतका कटाक्ष होता, की मी सुरुवातीला समॅरियमची भाषा काढली की त्या म्हणायच्या, “अगं, आधी रिकामा मेल्ट दाखव मला. समॅरियम कुठे पळून जात नाही.” रिकामा मेल्ट स्वच्छ असेल तर आलेख जवळजवळ आडवा असतो. ऋण टोकाला लिथियम धातू सुटायला लागतो तिथे प्रवाह एकदम कोसळतो, धन टोकाला क्लोरीन निघू लागतो तिथे तो वर जातो. मधली मोकळी जागा सुमारे ३.६ व्होल्टची. (धन टोक टंगस्टनवर दिसत नाही, क्लोरीन निघायच्या आधी टंगस्टनच विरघळू लागतं, ते पाहायला कार्बनचा इलेक्ट्रोड लागतो.) मेल्टमध्ये ओलावा राहिला असेल तर त्या आडव्या भागात, ऋण बाजूला, एक पसरट, अंगावर येणारा प्रवाह दिसतो. त्याला पीक, म्हणजे आलेखातला ठळक उंचवटा, म्हणता येत नाही, पण तो असतो. आणि तो असेपर्यंत पुढचा कुठलाही आकडा विश्वासाचा नाही, हे मला या कामातलं सगळ्यांत पक्कं शिकणं वाटतं. पाण्यातल्या इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत द्रावण बनवायला दहा मिनिटं लागतात आणि विचार नंतर सुरू होतो. इथे विचाराचा निम्मा भाग मीठ बनवण्यातच खर्च होतो.

हीच काळजी क्लोराइडांची. समॅरियम क्लोराइड पाण्याचे रेणू धरून येतं. ते तसंच तापवलं की ऑक्सिक्लोराइड तयार होतं. त्यात अमोनियम क्लोराइड भरपूर मिसळून हळूहळू तापवायचं. त्यातून सुटणारा हायड्रोजन क्लोराइड वायू ऑक्साइड होऊ देत नाही, आणि उरलेलं अमोनियम क्लोराइड शेवटी वाफ होऊन नळीच्या थंड भागावर पांढरं जमतं. हाती येते ती फिकट पिवळसर पूड. ती मेल्टमध्ये टाकल्यावर मेल्ट नितळ राहिला तर काम जमलं. तळाशी धुकट गाळ दिसला तर सगळं पुन्हा.

संदर्भ इलेक्ट्रोडची, म्हणजे ज्याच्या तुलनेत सगळे दाब मोजायचे त्याची, गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तो काचकाम करणाऱ्या काकांचा विषय. चांदीची तार, मिठात विरघळलेलं वजनाने एक टक्का सिल्व्हर क्लोराइड, आणि हे सगळं एका बंद टोकाच्या नळीत. नळीच्या तळाची भिंत इतकी पातळ हवी की गरम झाल्यावर तिच्यातून आयन जाऊ शकतील, आणि इतकी जाडही हवी की मेल्टमध्ये उतरवताना तडकणार नाही. काका तो तळ ज्योतीवर फुंकायचे आणि उजेडाकडे धरून बघायचे. “ही घे, ही चालेल,” म्हणाले की ती चालायची. ५०० अंशांच्या वर मात्र काच नको, मुलाईट या चिनीमातीसारख्या पदार्थाच्या नळ्या घ्यायच्या.

पहिला खरा आलेख लँथॅनमचा घेतला. दाब ऋण बाजूला नेताना, चांदीच्या इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे दोन व्होल्टच्या आसपासपर्यंत काहीच होत नाही, आणि मग प्रवाह एकदम धावतो. तीन-प्लस, म्हणजे तीन धन प्रभार असलेला, आयन तिन्ही इलेक्ट्रॉन एका दमात उचलतो आणि धातू होऊन तारेवर बसतो. परत येताना आलेख स्वतःलाच छेदतो. नव्या पृष्ठभागावर धातूचा पहिला कण बसवायला जास्त जोर लागतो, एकदा कण बसले की त्यांच्यावर पुढचा धातू सहज चढतो; तो फरक त्या छेदात दिसतो. पुढे हाच बसलेला धातू पुन्हा विरघळतो तेव्हाचं पीक मला फार देखणं वाटतं. एका बाजूने ते चढत जातं आणि तारेवरचा धातू संपला की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखं सरळ खाली उतरतं. संपला म्हणजे संपला, आणखी विरघळायला काही उरलेलंच नसतं.

समॅरियमचा आलेख याच्या शेजारी ठेवला की फरक लगेच दिसतो. पीक येतं ते खूप आधी, उणे एक व्होल्टच्या जरा अलीकडेच. आणि त्याचा आकार दोन्हीकडे गोलसर, मऊ. जाताना एक, येताना तसंच एक. कडा नाही, छेद नाही. म्हणजे तारेवर काहीही बसत नाही. तीन-प्लस आयन एकच इलेक्ट्रॉन घेतो, दोन-प्लस होतो आणि तारेपासून पुन्हा मेल्टमध्ये निघून जातो. पुढे उणे अडीच व्होल्टपर्यंत, लिथियम सुटेपर्यंत, दुसरं पीक येत नाही. दोन-प्लस समॅरियमला धातू व्हायला इतका ऋण दाब लागतो की त्याच्या आधी मेल्टमधलं लिथियमच धातू होतं. समॅरियम अर्ध्या वाटेवर थांबतं ते असं.

हे एकच इलेक्ट्रॉनचं काम आहे हे नुसतं आकारावरून म्हणून चालत नाही, मोजून दाखवावं लागतं. जाणाऱ्या आणि येणाऱ्या पीकमधलं अंतर एका इलेक्ट्रॉनच्या सोप्या, उलटसुलट होणाऱ्या क्रियेला खोलीच्या तापमानाला ५७ मिलिव्होल्ट असतं, हे बीएस्सीच्या पुस्तकात असतं. पण ते अंतर केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात वाढतं. ४५० अंशांवर तेच सुमारे १३८ मिलिव्होल्ट होतं. खोलीच्या तापमानाच्या सवयीने पाहिलं तर एवढं अंतर म्हणजे क्रिया अडखळतेय असं वाटेल, पण इथे ती अगदी सुरळीत आहे. स्क्वेअर वेव्ह पद्धतीने, म्हणजे दाब छोट्या चौकोनी ठोक्यांनी बदलत, घेतलेल्या पीकची अर्ध्या उंचीवरची रुंदीही एका इलेक्ट्रॉनला सुमारे २२० मिलिव्होल्ट आणि तीन इलेक्ट्रॉनांना त्याच्या एक तृतीयांश यायला हवी. समॅरियमचं पीक पहिल्या आकड्याशी जुळलं. दाब बदलण्याचा वेग बराच वाढवला तर पीक थोडं सरकायला लागतं, म्हणजे फार घाईत इलेक्ट्रॉन द्यायला गेलं तर तारेच्या पृष्ठभागावर जरा वेळ लागतो. पण मध्यम वेगांना सगळं जागच्या जागी.

आणि हे असं का, याचं कारण आयनाच्या आतच आहे. दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांना साधारणपणे तीन-प्लसच पसंत असतं. युरोपियम दोन-प्लस झालं की त्याच्या ४एफ कक्षेत, म्हणजे चौदा इलेक्ट्रॉन मावणाऱ्या आतल्या कप्प्यात, सात इलेक्ट्रॉन होतात, म्हणजे बरोबर अर्धी भरलेली. यिटर्बियम दोन-प्लस झालं की चौदा, पूर्ण भरलेली. दोन्हींना तिथे स्वस्थता मिळते. समॅरियम दोन-प्लसमध्ये सहा असतात, अर्ध्या भरलेल्या कक्षेला एक कमी. म्हणून या तिघांमध्ये त्याचा दोन-प्लस सर्वांत कष्टाने मिळतो, पण मिळाला की टिकतो. पुस्तकात वाचलेलं हे वाक्य आलेखावर एका गोल पीकच्या रूपात समोर येतं, तेव्हा मला तरी त्याचं अप्रूप वाटतं. आजही वाटतं.

आयन मेल्टमधून किती वेगाने सरकतात, म्हणजे विसरण गुणांक किती, हा पुढचा प्रश्न. सूत्रं तयार आहेत, पण एक खुबी सांगायलाच हवी. समॅरियमसारखं उत्पादन विरघळून जात असेल तर रँडल्स-सेव्हचिकचं सूत्र लावायचं, त्यात ०.४४६ हा गुणक येतो. लँथॅनमसारखा धातू बसत असेल तर बर्झिन्स-देलाहेचं, त्यात ०.६१. अदलाबदल केली तर उत्तर जवळजवळ दुप्पट किंवा निम्मं येतं. छापील शोधनिबंधांतल्या आकड्यांची तुलना करताना आधी कुठलं सूत्र वापरलंय ते बघावं.

याहून मोठी अडचण क्षेत्रफळाची. तार एक मिलिमीटर जाडीची, मेल्टमध्ये दहा मिलिमीटर बुडवली तर तिचं क्षेत्रफळ सुमारे ०.३२ चौरस सेंटिमीटर. पण वितळलेलं मीठ धातूला ओलं करतं आणि तारेवरून वर चढतं. ते एक मिलिमीटर जरी चढलं तरी क्षेत्रफळात दहा टक्क्यांचा फरक, आणि विसरण गुणांक क्षेत्रफळाच्या वर्गावर अवलंबून असल्याने त्यात वीस टक्क्यांचा. वर काढलेल्या तारेवर गोठलेल्या मिठाची खूण मोजून हे कळत नाही, कारण काढताना मीठ ओघळतं. यावर उपाय असा: तार मायक्रोमीटरच्या स्टँडला बांधायची. मेल्टला जेमतेम टेकवून सुरुवात करायची, मग ठरावीक अंतराने खाली सोडत जायची आणि प्रत्येक खोलीवर सीव्ही घ्यायची. वर चढलेल्या मिठाचा भाग प्रत्येक वेळी तेवढाच असतो, त्यामुळे पीकच्या प्रवाहातली वाढ ही फक्त खोलीतल्या वाढीची असते. प्रवाह विरुद्ध खोली अशी रेघ मारली की तिचा उतार वापरायचा. ती रेघ शून्यातून जात नाही, आणि न जाण्याचं अंतर म्हणजेच चढलेलं मीठ.

हे सगळं ग्लोव्हबॉक्सच्या जाड रबरी हातमोज्यांतून करायचं असतं. भट्टी बॉक्सच्या तळाखालच्या खोबणीत असते, तरी वर उष्णता येतेच. हातमोज्यात घाम साचतो, बोटांना तारेचा स्पर्श कळत नाही, स्क्रू नुसता दिसतो. एक मिलिमीटरची टंगस्टन तार सरळ धरणं हे कौशल्य आहे आणि ते फक्त हाताने येतं. आमच्या गटातल्या सीनियर ताईने मला ते शिकवलं ते बाजूच्या हातमोज्यांत स्वतःचे हात घालून, एक शब्दही न बोलता. शेवटी ४५० अंशांना समॅरियमचा विसरण गुणांक आला तो दहाचा उणे पाचवा घात चौरस सेंटिमीटर प्रति सेकंद या टप्प्यातला, इतरांनी मोजलेल्या आकड्यांच्या जवळ. तापमान वाढवत नेलं तसा तो वाढत गेला, आणि त्या वाढीवरून काढलेली सक्रियण ऊर्जा, म्हणजे आयनाला सरकायला लागणारी ऊर्जा, ३० ते ४० किलोज्यूल प्रति मोलच्या दरम्यान बसली.

मग टंगस्टन काढून अ‍ॅल्युमिनियम घातलं. या कल्पनेवर बऱ्याच गटांनी काम केलंय. स्पेनमधल्या वायादोलिद विद्यापीठातल्या गटाचं काम मी सर्वांत जास्त वाचलं. टंगस्टन समॅरियमशी काही करत नाही, अ‍ॅल्युमिनियम करतं. बसलेला समॅरियमचा अणू अ‍ॅल्युमिनियमशी संयुग बनवून स्थिर होत असेल तर त्याला तिथे यायला कमी जोर लागतो. म्हणजे जे टंगस्टनवर लिथियमच्या पलीकडे होतं ते लिथियमच्या अलीकडे येऊ शकतं. दोन्हीकडून मर्यादा आहेत: धन बाजूला फार गेलं तर अ‍ॅल्युमिनियमच विरघळू लागतं, आणि ऋण बाजूला लिथियमही अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरतं, तेही शुद्ध लिथियमपेक्षा सुमारे ०.३ व्होल्ट आधी. म्हणून पाहायला मिळणारी पट्टी अरुंद असते. पण त्या पट्टीत, टंगस्टनवर जिथे सपाट रेघ होती तिथे, स्पष्ट प्रवाह होता. थोडा वेळ त्या दाबावर धरून मग सर्किट उघडं ठेवलं आणि दाब आपोआप कसा परत येतो ते पाहिलं. तो सरळ घसरत आला नाही. मध्ये पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी म्हणजे शेजारी शेजारी असलेली दोन संयुगं, आणि एक संपलं की पुढची पायरी. तो तुकडा मीठ धुऊन एक्स-रे विवर्तनाला दिला तेव्हा अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण जास्त असलेली समॅरियमची संयुगं त्यात दिसली. मॅडमनी आलेख दोनदा पाहिला आणि म्हणाल्या, “झालं गं. आला शेवटी घरी.”

माझ्या दृष्टीने या कामातला सर्वांत बोलका प्रयोग मात्र त्यानंतरचा, दोन्ही आयन एकाच मेल्टमध्ये असतानाचा. टंगस्टनवर दोघांमधलं अंतर एक व्होल्टहून जास्त. कागदावर बघितलं तर वेगळं करणं अगदी सोपं: समॅरियमला मेल्टमध्ये राहू द्या, लँथॅनमला तारेवर बसवा. प्रत्यक्षात तारेवर काही सेकंद लँथॅनम बसवून सर्किट उघडलं, तर लँथॅनमच्या दाबावरची पायरी फार टिकत नव्हती. मेल्टमध्ये तीन-प्लस समॅरियम जितकं जास्त, तितकी ती पायरी आखूड. कारण लँथॅनम धातू समॅरियमला इलेक्ट्रॉन देऊन टाकतो: लँथॅनमचा एक अणू विरघळतो आणि समॅरियमचे तीन आयन तीन-प्लसचे दोन-प्लस होतात. कष्टाने जमवलेला धातू समॅरियम परत मेल्टमध्ये नेतं. आणि ते तिथेच थांबत नाही. दोन-प्लस समॅरियम अ‍ॅनोडकडे जातं, तिथे इलेक्ट्रॉन सोडून तीन-प्लस होतं, परत कॅथोडकडे येतं. वीज खर्च होत राहते, धातू काही वाढत नाही. मोठ्या प्रमाणावर या धातूंचं विद्युत अपघटन करताना कच्च्या मालातलं समॅरियम आधी कमी करून घेतात ते यामुळे.

जास्त वेळ अपघटन चालू ठेवलं तेव्हा हे नुसत्या डोळ्यांनाही कळलं. तीन-प्लस समॅरियमचं मीठ फिकट असतं, दोन-प्लसचं तांबूस तपकिरी. सकाळी नितळ असलेला मेल्ट दुपारपर्यंत गडद होत गेला, आणि क्वार्ट्झच्या नळीने काढलेला नमुना गोठल्यावरही तोच रंग होता.

याच स्वभावामुळे समॅरियम धातू व्यापारी प्रमाणावर विद्युत अपघटनाने बनवत नाहीत. तो बनवतात तो चक्क लँथॅनम वापरून. समॅरियम ऑक्साइडमध्ये लँथॅनम धातूचा कीस मिसळतात आणि निर्वातात हजार अंशांच्या वर तापवतात. लँथॅनम ऑक्सिजन ओढून घेतो, आणि सुटं झालेलं समॅरियम वाफ होऊन वरच्या थंड भागावर जमतं. समॅरियमचा उत्कलनबिंदू १८०० अंशांच्या जवळ, लँथॅनमचा ३४०० अंशांच्याही वर, त्यामुळे ते दोघं आपोआप वेगळे होतात. अमेरिकेतल्या एम्स प्रयोगशाळेत डाने, डेनिसन आणि स्पेडिंग यांनी १९५३ साली ही पद्धत मांडली. पुढे १९६०च्या दशकात समॅरियम-कोबाल्ट चुंबक आले, जे निओडिमियमच्या चुंबकांपेक्षा जास्त उष्णता सोसतात, आणि या धातूला बाजार मिळाला. एप्रिल २०२५मध्ये चीनने ज्या सात दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं, त्यांत समॅरियम होतं. बातम्या वाचणाऱ्या कित्येकांनी हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं असेल. मला मात्र ती बातमी वाचताना उणे एक व्होल्टच्या अलीकडचं ते गोल पीक दिसत होतं, कारण हा धातू मिळवायला वेगळी वाट का लागते हे त्या पीकमध्येच आहे.

अ‍ॅल्युमिनियमवर मात्र लँथॅनम आणि समॅरियम एकमेकांच्या बरेच जवळ येतात, कारण संयुग बनवायला दोघंही उत्सुक. म्हणजे वापरलेल्या मिठातून सगळे दुर्मिळ मृदा धातू एकगठ्ठा बाहेर काढायचे असतील तर अ‍ॅल्युमिनियम चांगलं, पण त्यांना एकमेकांपासून वेगळं करायचं असेल तर नाही. सध्या मी त्याच मेल्टखाली बिस्मथ ठेवून मोजमाप घेतेय. बिस्मथ २७१ अंशांनाच वितळतं, त्यामुळे आमच्या तापमानाला कॅथोडही पातळ आणि मेल्टही पातळ, आणि क्षेत्रफळासाठी बिस्मथच्या फुगीर पृष्ठभागाचा हिशेब नव्याने करावा लागतोय. लँथॅनम आणि समॅरियम यांच्यातलं अंतर त्यात किती उरतं, आणि बिस्मथमध्ये विरघळलेलं लँथॅनम मेल्टमधल्या तीन-प्लस समॅरियमला अजूनही इलेक्ट्रॉन देतं का, हे दोन प्रश्न समोर आहेत. रिकाम्या मेल्टची सीव्ही या आठवड्यात स्वच्छ आली आहे.